कोरलईचा वर्ग

साल १६०५. तुमचं वय आठ. रेवदंड्याच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या चौलाच्या, तटाच्या आत, येशूसंघाच्या विद्यालयात तुम्ही बसला आहात आणि काळ्या झग्यातले पाद्री लॅटिनच्या विभक्ती घोटून घेताहेत. काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने, हे इथे चौलात ठरलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी येशूसंघाने आपल्या जगभरच्या शाळांसाठी 'रातिओ स्तुदिओरुम' नावाचा एकच अभ्यासक्रम पक्का केला. पोर्तुगालमधल्या कोइंब्राचा मुलगा जे पाठ करतो, तेच तुम्ही कुंडलिकेच्या मुखाशी बसून पाठ करायचं.

तुमचा बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथली. ती तुमच्याशी ज्या बोलीत बोलते तिला अजून नाव नाही. बापाकडचे शब्द तिने उचलले आणि आपल्या चालीने बोलायला घेतले, एवढंच. ती बोली वर्गात तोंडून निघाली की पाद्री थांबतात आणि शुद्ध पोर्तुगीजमध्ये वाक्य पुन्हा म्हणायला लावतात. तुम्ही म्हणता. घरी गेल्यावर आईला ते ऐकवता. तिला ते अर्धंच कळतं.

तटाबाहेर दुसरं चौल आहे. तिथे रेशमाचे माग चालतात, मशिदी आहेत, देवळं आहेत, गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत. राल्फ फिच नावाचा इंग्रज १५८३ मध्ये इथून गेला, त्याने चौल म्हणजे दोन शहरं असंच लिहून ठेवलं: एक पोर्तुगिजांचं, एक मुसलमानांचं. हे शेजार त्याच्याही फार आधीचं. दहाव्या शतकात, ९१६ च्या सुमारास, बगदादचा अल-मसूदी या बंदरात उतरला तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. त्याला इथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले आणि इथेच जन्मलेले सुमारे दहा हजार मुसलमान भेटले. त्यांचा न्यायनिवाडा त्यांच्याच कायद्याने करणारा त्यांचा स्वतःचा प्रमुख होता, आणि राजाची त्याला मान्यता होती. म्हणजे अनेकांनी एका किनाऱ्यावर राहणं चौलला नवं नव्हतं. पण राहणं एक आणि एका वर्गात बसणं एक. तुमच्या बाकावर शेजारी जो बसतो, त्याचा बाप्तिस्मा झालेलाच असतो.

तुम्ही एकोणीस वर्षांचे व्हाल तेव्हा, १६१६ मध्ये, गोव्यात याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्ये छापून काढतील. इंग्लंडात जन्मलेल्या त्या माणसाने इथल्या लोकांच्या तोंडची भाषा नुसती शिकून घेतली नाही, तिच्यावर मनापासून प्रेम केलं. आणि त्याच गोव्यात १६८४ मध्ये व्हाइसरॉयचं फर्मान निघेल, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. एकाच धर्माच्या छायेत या दोन्ही गोष्टी सत्तर वर्षांच्या आत घडल्या. चर्चच्या शाळेने कोणता वारसा उचलायचा, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे.

आता १७४०. वसई आदल्या वर्षी चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतली आणि तहात चौल व कोरलईचा किल्ला मराठ्यांकडे आला. ज्यांच्या गाठीला पैसा होता ते गोव्याकडे निघून गेले. तुमच्या घरच्यांकडे तो नाही. तुम्ही होडीत बसून खाडी ओलांडता आणि डोंगराच्या पायथ्याशी कोरलईला राहता. विद्यालय मागे पडलं. लॅटिन गेलं, शुद्ध पोर्तुगीजही हळूहळू गेली. उरली ती आईची बोली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी पुढे या गावाचा अभ्यास केला, १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते ही बोली टिकली ती वेगळेपणामुळे. तुम्ही धर्मामुळे शेजारच्या हिंदू-मुसलमानांपासून वेगळे आणि जातीमुळे इतर ख्रिस्त्यांपासूनही वेगळे. 'विविधता' हा शब्द आपण किती गोड करून वापरतो. कोरलईत ती कुणी साजरी केली नाही. दोन्हीकडून दारं बंद होती आणि आत एक भाषा वाढत राहिली. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. शब्द पोर्तुगीज घराण्याचे, पण वाक्याचा क्रम मराठीसारखा वळलेला: कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी.

दोनशे-सव्वादोनशे वर्षं अशीच ओलांडा. मला तुम्हाला थांबवायचं आहे ते १९६४ मध्ये.

तुमचं वय अकरा. गावातली शाळा संपली, पुढे शिकायचं तर खाडीपलीकडे जायचं. पूल नाही. पावसात दप्तर डोक्यावर धरून तरीत बसायचं, समोर रेवदंड्याच्या तटाचे पडके बुरूज आणि मागे कोरलईच्या डोंगराचं लांबट नाक. पहिल्या दिवशी मास्तर जनरल रजिस्टर उघडतात. नाव, वडिलांचं नाव, धर्म, जात, जन्मतारीख. मग 'मातृभाषा' असा रकाना येतो. मास्तर विचारत नाहीत. त्यांनी आधीच्या सगळ्या नावांपुढे 'मराठी' लिहिलेलं असतं, तुमच्यापुढेही तेच लिहितात. त्यांच्या मनात काही वाईट नाही. त्यांना वाटतं तुम्ही मराठी आहात आणि ते खरंही आहे. फक्त पुरतं खरं नाही.

तुमच्या आयुष्यात या वेळी चार भाषा आहेत. घरी नौ लिंग. शाळेत मराठी. माउंट कार्मेलच्या चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये, आणि पाद्री जे सांगतात, ज्या प्रार्थना म्हणवून घेतात, त्या पोर्तुगीजमध्ये. ही पोर्तुगीज तुमच्या बोलीच्या नात्यातली, तरी परकी. जुन्या वर्गातल्या मुलाच्या आईला जसं अर्धंच कळायचं, तसंच तुमच्या आजीचं. पण तिला त्याचं काही वाटत नाही. ती गुडघे टेकते आणि स्वतःच्या बोलीत आपलं मागणं मागते.

मधली सुट्टी होते. चौघांचे डबे उघडतात. शुक्रवार आहे म्हणून तुमच्या डब्यात मासळी, कारण शुक्रवारी तुमच्याकडे मांस चालत नाही. आईने सुका जवळा परतून तांदळाच्या भाकरीबरोबर दिलाय. शेजारच्या कोळ्यांच्या मुलीला जवळा म्हणजे जीव की प्राण, पण सोमवार असता आणि श्रावण असता तर तिने हात लावला नसता. कोकणी मुसलमान मुलगा आनंदाने घेतो. रमजानात मात्र तो मधल्या सुट्टीत पटांगणात निघून जातो आणि तुम्ही डबा घाईघाईने संपवता, त्याने बघू नये म्हणून. चौथा बेने इस्रायली, म्हणजे या किनाऱ्यावरचा ज्यू. त्याला खवल्यांचा मासा चालतो, जवळा चालत नाही. त्याची आजी सांगते, तोरात तसं आहे. एकाच मूठभर जवळ्याभोवती चार धर्मांचे नियम बसलेले आहेत आणि मुलांना ते सगळे तोंडपाठ आहेत. कुणी शिकवलेलं नाही. कुणाला काय द्यायचं नाही, हे एकमेकांच्या ताटाशी राहून कळलेलं आहे. पुढे मोठ्यांनी धर्मांविषयी जे काही छापील शिकवलं, त्यातलं बरंचसं या डब्यांपेक्षा उथळ होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण वर्गात परतलात की मात्र हे ज्ञान कुणाच्या कामाचं नाही. शनिवारी सकाळची शाळा भरते आणि बेने इस्रायली मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. या किनाऱ्यावर त्याच्या पूर्वजांना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण तेल्याचा धंदा करणारी ही माणसं शनिवारी घाणा चालवत नसत. शेकडो वर्षांपासून गावाला जे माहीत होतं, ते शाळेच्या हजेरीपटाला माहीत नाही. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून लागले, अशी त्याच्या घरची कथा. रेवदंड्यातच त्यांचं बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. तो पुढच्या उन्हाळ्यात घरच्यांबरोबर इस्रायलला निघून जाईल. तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्रायलींना पूर्ण ज्यू मानायला खळखळ केली, तेव्हा आधीच तिथे गेलेल्या त्याच्या नातेवाइकांनी धरणं धरलं आणि १९६४ मध्ये मान्यता मिळवली. इथे वेगळा म्हणून ओळखला जाणारा मुलगा, तिथे आपल्यातलाच आहे का याचा पुरावा मागितला जाणारा मुलगा. तो जाईल तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणाल? निरोपाचं वाक्य तुम्हाला मराठीत सुचेल, कारण दोघांची समाईक भाषा तीच. मराठी शाळेचं हे मोठं देणं आहे आणि ते मी कमी लेखणार नाही.

डिसेंबर येतो. वडील तुम्हाला मुंबईला नेतात. तरीने रेवदंडा, एस.टी.ने अलिबाग, पुढे रेवस आणि रेवसहून लाँचने भाऊचा धक्का. ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली आहे आणि पोप सहावे पॉल स्वतः आले आहेत. भारतात येणारे ते पहिले पोप. इतकी माणसं तुम्ही कधी पाहिलेली नाहीत आणि त्यांतली कित्येक ख्रिस्ती नाहीत. ३ डिसेंबरला पोप इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटतात आणि आपल्या भाषणात बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हणतात, असत्याकडून सत्याकडे ने म्हणणारी. वडिलांना उपनिषद म्हणजे काय ते माहीत नाही. पण पोपनी हिंदूंची प्रार्थना म्हटली, हे त्यांना लोकांकडून कळतं आणि लाँचमध्ये परत येताना ते तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहतात.

पुढच्या वर्षी रोममध्ये एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची दोन निवेदनं प्रसिद्ध होतात. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयी, दुसरं इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयी. दुसऱ्यात म्हटलंय, की या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. पहिल्यात म्हटलंय, की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईबाप आहेत, आणि कॅथलिक नसलेली मुलंही जिथे शिकतात त्या कॅथलिक शाळा चर्चला अतिशय प्रिय आहेत. माझ्या लेखी ही दोन्ही निवेदनं एकत्र वाचायची आहेत. वेगवेगळी वाचली की एक मुख्याध्यापकांच्या कपाटात जातं आणि दुसरं धर्मगुरूंच्या.

त्याच परिषदेने उपासना लोकांच्या भाषेत आणली. कोरलईच्या चर्चमध्ये त्या दशकात पोर्तुगीज संपते आणि मराठी येते. तुम्ही बारा-तेरा वर्षांचे आहात. पहिल्यांदाच वेदीवरून येणारा प्रत्येक शब्द तुम्हाला कळतो आणि अंगावर काटा येतो. शाळेत वाचता येणारी लिपी आता प्रार्थनेच्या पुस्तकातही आहे. आजी मात्र शेवटच्या रांगेत गप्प आहे. जुन्या पोर्तुगीज प्रार्थना तिला तोंडपाठ होत्या. नव्या मराठी प्रार्थना तिला कळतात, पण तिच्या तोंडात बसत नाहीत.

लोकांच्या भाषेत प्रार्थना हवी, हे परिषदेने मनापासून म्हटलं होतं. पण कोरलईच्या लोकांची भाषा कोणती, हे कुणी कोरलईला विचारलं नाही. राज्याची भाषा ती लोकांची भाषा, असं सरळ धरलं गेलं. रजिस्टरातल्या रकान्यासारखंच. मराठी आली हे उत्तमच झालं. तिने या मुलांना शेजार दिला, नोकऱ्या दिल्या, वर्तमानपत्र दिलं. मराठीने चर्चला काय दिलं आणि चर्चने मराठीला काय दिलं, ते बघायला वसईकडे पाहावं. 'सुबोध बायबल' लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण शाळा आणि चर्च दोन्ही एका बाजूला गेले की घरची बोली एकटी पडते. मग शिक्षक सांगू लागतात, मुलांशी घरीही मराठीच बोला, म्हणजे ती मागे पडणार नाहीत. आईबाप ऐकतात. आपलं मूल मागे पडावं असं कुणाला वाटेल?

पुढचं भराभर घडतं. १९८६ मध्ये खाडीवर पूल येतो आणि जिथे तर लागायची तिथून आता गाड्या जातात. तुमची मुलं अलिबागला शिकतात, नातवंडं इंग्रजी माध्यमात. नौ लिंग बोलणारे हजारेक उरले आहेत. पोर्तुगालहून अभ्यासक येतात, ध्वनिमुद्रण करून नेतात. तुमच्या आवाजातली गाणी परदेशी विद्यापीठांच्या संग्रहात आहेत. तुमच्या नातीच्या शाळेत नाहीत.

आता २०२४. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या शिक्षण विभागाने आपल्या सर्व शाळांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या आहेत. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका. सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणवून घ्या आणि ती दर्शनी भागात लावा. सर्व धर्मांच्या मुलांसाठी एक प्रार्थनेची खोली ठेवा. तुम्ही पालकसभेला कोकणातल्याच एका कॉन्व्हेंट शाळेत बसला आहात, आता आजी-आजोबा म्हणून. या सूचना भीतीच्या दिवसांत आल्या, शाळांवर मोर्चे येत होते, हे खरं. म्हणून कुणी त्यांना नाइलाज म्हणेल. मी म्हणणार नाही. साठ वर्षांपूर्वी ओव्हल मैदानाच्या शहरात जे बोललं गेलं, तेच आता शाळेच्या वेळापत्रकापर्यंत पोचतंय.

मात्र वेळापत्रकात एक जागा अशी आहे जिथे या सूचनाही पोचत नाहीत. आठवड्यातून एक-दोन तास वर्ग दोन भागांत तुटतो. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची नीतिशिक्षणाला. त्यामागे कायदा आहे आणि तो योग्य आहे: संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षण देता येत नाही. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क दिला, तोही योग्यच. पण परिणाम बघा. चांगलं-वाईट, देव, मरण, उपास, क्षमा, यांवर वर्ग ज्या तासाला बोलतो, नेमक्या त्याच तासाला मुलं धर्माप्रमाणे वेगळ्या खोल्यांत बसलेली असतात. १९६४ च्या मधल्या सुट्टीत चार डबे एकत्र उघडत होते. भारतातल्या कॅथलिक शाळांत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत. तरी त्यांतली कित्येक दहा वर्षं त्या शाळेत काढून बाहेर पडतात आणि शेजारचा मुलगा गुडघे टेकून काय मागतो हे त्यांना ठाऊक नसतं. कॅथलिक मुलालाही कोळ्यांची मुलगी नारळी पौर्णिमेला समुद्राला काय म्हणते, ते ठाऊक नसतं. धर्मशिक्षण वेगळं राहू द्या. महिन्यातला एक तास तरी दोन्ही खोल्या एकत्र बसवा, आणि त्या तासाला पुस्तक नको, घरं वर्गात येऊ द्या.

आणि घरं येतील तेव्हा धर्माबरोबर बोलीही येऊ द्या. संविधानात १९५६ पासून ३५० अ हा अनुच्छेद आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्याने प्रयत्न करावा असं सांगणारा. नौ लिंगमध्ये पाठ्यपुस्तकं निघणार नाहीत, तसा आग्रहही कुणी धरत नाही. पण ज्या भाषेला पुस्तक नाही, तिला तास तरी असू शकतो.

शेवटचा प्रवास पुढचा आहे, अजून न घडलेला. असाच एक तास. तुम्ही ऐंशीच्या घरातले. नातीच्या वर्गशिक्षिकेने तुम्हाला बोलावलंय. वर्गात आगरी मुलं आहेत, मुरुडकडचा एक सिद्दी मुलगा आहे, दोन मारवाडी बहिणी आहेत, आणि तुमच्या नातीखेरीज ख्रिस्ती मुलं तीन. तुम्ही कोरलईच्या बोलीत एक गोष्ट सुरू करता. आधी मुलं हसतात. मग एक आगरी मुलगा हात वर करतो. तो म्हणतो, शब्द कळत नाहीत पण वाक्य कुठे संपणार ते कळतंय. तुम्ही त्याला पुढे बोलावता आणि दोघं मिळून एक वाक्य फोडता, शब्दामागून शब्द, त्याच्या आगरीत आणि तुमच्या बोलीत. सिद्दी मुलगा म्हणतो, त्याच्या पणजीलाही काही शब्द यायचे जे आता कुणाला कळत नाहीत. शिक्षिका विचारते, आठवतो का एखादा? तो विचार करत उभा राहतो. तुमची नात, जिने घरी तुम्हाला कधी या बोलीत उत्तर दिलेलं नाही, ती मागच्या बाकावरून तुमची एक चूक सुधारते, त्याच बोलीत, मोठ्याने. घंटा होते. गणिताचे सर दारात येऊन उभे राहतात आणि शिक्षिका त्यांना म्हणते, सर, आज पाच मिनिटं द्या, गोष्ट अर्धी राहिली आहे.